आधी पंगत, मग मत

पनवेलहून रोह्याकडे निघालेली गाडी आपटा सोडते आणि जिते येतं. पुढे हमरापूर, मग पेण. हा सगळा गणपतीच्या कारखान्यांचा पट्टा. अशा मुलखात उभं राहून ख्रिस्ती समेटाचा आढावा घेणारा माणूस चुकीच्या स्टेशनवर उतरला, असं कुणालाही वाटेल. पण याच पेण तालुक्यातल्या गागोद्यात विनोबा जन्मले, आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांचं सार काढून त्यांनी ते भारतीय वाचकांपुढे ठेवलं. पेण गावात बेने इस्रायली यहुद्यांचं सिनेगॉग आहे. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथे कोर्लईच्या टेकडीखाली पोर्तुगीज वळणाची बोली बोलणारं ख्रिस्ती गाव शतकानुशतकं नांदतं आहे. तेव्हा विषय या मुलखाला परका नाही.

समेटावर ख्रिस्ती पंडितांनी पुष्कळ लिहिलं. देव आणि माणूस यांच्यातली फारकत, क्रुसावर चुकती झालेली किंमत, त्यातून माणसामाणसांत होणारं मीलन हा त्याचा ढाचा. तो ठाऊक असून भागत नाही, कारण त्यात जीव भरला तो दरवेळी कुणाच्या तरी अंगावर गुदरलेल्या प्रसंगाने. पौलाचंच घ्या. पहिल्या ख्रिस्ती हुतात्म्याला, स्तेफनाला, दगडांनी ठेचलं जात असताना मारेकऱ्यांची वस्त्रं सांभाळत उभा असलेला तो तरुण. पुढे ज्यांना त्याने छळलं त्यांच्याच दारात जाऊन त्याला उभं राहावं लागलं, आणि ते लोक आधी घाबरलेच. समेटाबद्दल नव्या करारात सर्वांत जास्त लिहिणारा माणूस हाच असावा, हा योगायोग वाटत नाही.

आणि नव्या मंडळीतलं पहिलं मोठं भांडण कशावरून झालं? पंगतीवरून. अंत्युखियात पेत्र बिगरयहुदी ख्रिस्त्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमेहून सोवळ्यातली मंडळी आली तसा तो हळूच पानावरून उठला आणि वेगळा बसू लागला. पौलाने त्याला चारचौघांत खडसावलं. दोघांचा विश्वास एक होता, प्रभूही एक. अडलं ते ताटावर. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. शिकवण पटली म्हणून पंगत पडत नाही, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं आहे. मराठी मुलखातले अनुभव चाळताना माझं मत असं झालं आहे की जिथे माणसं आधी एकत्र राहिली आणि मतं मागून जुळली (किंवा जुळलीही नाहीत), तिथे समेट टिकला. जिथे मत आधी जुळलं आणि पंगत पुढच्या पिढीवर ढकलली गेली, तिथे तो आजही अडून बसला आहे.

पहिल्या प्रकारचा सगळ्यांत भरघोस दाखला लक्ष्मीबाई टिळकांचा. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने छापली गेली. मराठीतलं उत्तम आत्मचरित्र म्हणून ती आपण वाचतो, विनोदाला दाद देतो. समेटाचा ग्रंथ म्हणून ती क्वचितच वाचली जाते, हे मला चमत्कारिक वाटतं. लक्ष्मीबाईंचं माहेर जलालपूरचं. सत्तावन्नच्या धामधुमीनंतर त्यांच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांनी सोवळ्याचा असा ध्यास घेतला की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. त्या घरातली ही मुलगी. नवरा नारायण वामन टिळक, कोकणातल्या करजगावचा कवी, एका ठिकाणी टिकेल तर शपथ. रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर फुटलं. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या. त्या दिवसांतला त्यांचा आकांत वाचवत नाही.

कायद्याने तेव्हा एक मार्ग मोकळा ठेवला होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाचा जोडीदार नांदायला येत नसेल तर विवाह मोडून घेण्याची सोय १८६६च्या कायद्यात होती. टिळकांनी तो मार्ग धरला नाही. पत्रं लिहीत राहिले, भेटत राहिले, वाट पाहत राहिले. चारपाच वर्षांनी लक्ष्मीबाई नगरला आल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. स्वतःचं सोवळं, स्वतःचं पाणी, स्वतःची चूल घेऊन आल्या. नवऱ्याने ते मान्य केलं. एका संसारात दोन धर्म, दोन चुली. बायको आपल्या हातचं त्याला वाढते, पण त्याच्या हातचं घेत नाही. आजच्या मोजमापाने याला कुणी समेट म्हणणार नाही, अर्धवट तडजोड म्हणेल. माझ्या मते समेट तोच होता. पुढचं सगळं त्याचं फळ.

कारण पुढे झालं ते उपदेशाने झालं नाही. देवाने बाई आणि पुरुष एवढेच भेद केले, बाकीची उतरंड माणसांनी रचली, हा विचार लक्ष्मीबाईंच्या मनात त्यांच्या त्यांनी आला आणि सोवळं गळून पडलं. ते आधी गेलं. बाप्तिस्मा मागून आला, १९००च्या सुमारास. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. त्यांच्यातला समेट बाप्तिस्म्याने घडला नाही. समेट बऱ्यापैकी घडून गेला होता, बाप्तिस्म्याने त्यावर नाव घातलं. टिळकांनीही हा धडा गिरवलेला दिसतो. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतल्यावर साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखीच जागा होती. मिशनऱ्यांना ते रुचणं कठीणच होतं. दोन वर्षांत टिळक गेले. त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं.

या गोष्टीचा एक गैरवापर होतो, तो इथेच सांगितलेला बरा. मारकुट्या नवऱ्याकडे परत जा, क्षमा कर, लक्ष्मीबाईही गेल्याच ना, असं सुनेला सांगणारे उपदेशक आणि सासवा काही थोड्या नाहीत. लक्ष्मीबाई गेल्या त्या स्वतःच्या अटींवर, स्वतःची चूल हाती ठेवून. अटी ज्याला घालता येत नाहीत त्याने परत जाणं याला शरणागती म्हणतात. २००५चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा ज्या बाईला आधार देतो, तिने तो वापरावा आणि क्षमेचं तिचं ती नंतर पाहील.

पंडिता रमाबाईंची गोष्ट वेगळ्या अंगाने जाते. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावलेली ही मुलगी १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला ख्रिस्ती झाली. तिच्या मनाला वळण देणारी गोष्ट तिने स्वतः नोंदवली आहे. फुलहॅमला सिस्टर लोकांनी ‘पतित’ ठरवलेल्या बायकांसाठी चालवलेलं घर तिने पाहिलं. ज्यांना आपल्याकडे दारातसुद्धा उभं करत नाहीत त्यांना इथे मायेने वागवतात, हे पाहून ती थक्क झाली आणि विहिरीवर शोमरोनी बाईशी बोलणारा येशू तिला तेव्हा कळला. समेट म्हणजे काढून टाकलेल्या माणसाला पुन्हा घरात घेणं, हा अर्थ तिथून पुढे तिच्या सगळ्या कामात दिसतो. केडगावच्या मुक्ती मिशनात तिने अशाच स्त्रियांसाठी कृपासदन उभारलं.

पण त्याच वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीनशी तिचं कडाक्याचं भांडण झालं. कुठला सिद्धान्त मानायचा आणि कुठला नाही, हे ठरवायचा अधिकार रमाबाईंनी कुणालाच दिला नाही. लाडकी मनोरमा वाँटेजला त्यांच्या सांभाळात, आणि इकडे पत्रांतून खडाजंगी. मत शेवटपर्यंत जुळलं नाही. तरी ती सगळी पत्रं जपून, लावून ठेवली ती जेराल्डीननेच. १९७७ साली ती पुस्तकरूपाने आली. जिच्याशी वाद झाला तिने आपल्या विरोधातला पुरावाही फाडला नाही, याला मी समेटाच्या खात्यात मांडतो.

जे देणं लागतात अशांचा अनुभव कमी सापडतो, म्हणून व्हेरिअर एल्विनचा उल्लेख करायला हवा. बिशपाचा मुलगा, ऑक्सफर्डचा विद्वान. जॅक विन्स्लोने स्थापलेल्या ख्रिस्त सेवा संघात तो १९२७ साली पुण्याला आला. आपल्या लोकांनी हिंदुस्थानातून घेतलंच घेतलं, आपल्या घरातल्या कुणीतरी एकाने तरी द्यायला जावं, ही परतफेडीची भावना त्याने आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितली आहे. पुढे त्याचं चर्चशीही बिनसलं, तो भाग निराळा.

बाहेरच्या जगात विसाव्या शतकाने या विषयाला रक्ताची शाई पुरवली. डच बाई कॉरी टेन बूम. राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत तिची बहीण बेट्सी मेली. १९४७ साली म्युनिकमध्ये क्षमेवरचं व्याख्यान संपलं आणि त्याच छावणीतला एक पहारेकरी हात पुढे करून समोर उभा राहिला. आत्ताच क्षमेवर बोलून उतरलेल्या बाईचा हात वर उठेना. क्रोएशियाच्या मिरोस्लाव्ह वोल्फला १९९३ साली व्याख्यानानंतर त्याचे गुरू मोल्टमान यांनी विचारलं की सर्ब चेत्निक सैनिकाला तू मिठी मारशील का? गावं जळत होती ती वोल्फच्याच माणसांची. मला जमणार नाही, पण ख्रिस्ताचा अनुयायी म्हणून जमायला हवं, असं काहीसं तो म्हणाला आणि त्या अडखळण्यातून १९९६चं त्याचं गाजलेलं पुस्तक निघालं. दक्षिण आफ्रिकेत आर्चबिशप टुटूंच्या सत्य आणि समेट आयोगापुढे त्याच वर्षी सुनावण्या सुरू झाल्या. खरं पूर्ण सांगा, माफी मिळेल असा सौदा. वर्णभेदाविरुद्ध लढताना मारल्या गेलेल्या स्टीव्ह बिकोच्या घरच्यांनी त्याला कोर्टात आव्हान दिलं, कारण त्यांना न्याय हवा होता. कोर्टात ते हरले, पण त्यांचा सवाल अजून कुणी खोडलेला नाही.

आपल्या देशातला एक प्रसंग मला या सगळ्यांपेक्षा जवळचा वाटतो, कारण त्यात खास इथली रीत वापरली गेली. सिस्टर राणी मारिया ही केरळची जोगीण मध्य प्रदेशात इंदूरच्या बाजूला उदयनगर भागात गोरगरिबांत काम करायची. सावकारीवर गदा आली तशी ती डोळ्यांत सलू लागली. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी चालत्या बसमध्ये समुंदरसिंग नावाच्या तरुणाने तिला भोसकलं. सहप्रवासी बघत राहिले. २००२ साली राणी मारियाची धाकटी बहीण सेल्मी पॉल, तीही जोगीण, तुरुंगात गेली आणि समुंदरसिंगच्या मनगटावर राखी बांधली. क्षमेचं पत्र पाठवून मोकळं होता आलं असतं. राखीने नातं गळ्यात पडतं. दरवर्षी सण येतो, भाऊ विचारला जातो. त्याला लवकर सोडावं म्हणून या घरच्यांनीच खटपट केली. सुटल्यावर तो केरळात त्यांच्या घरी गेला. २०१७च्या नोव्हेंबरात इंदूरला राणी मारियाला ‘धन्य’ घोषित करण्याचा सोहळा झाला तेव्हा तोही होता. ओडिशातल्या ग्लॅडिस स्टेन्स यांची क्षमा सर्वांना ठाऊक आहे. १९९९च्या जानेवारीत नवरा आणि दोन मुलगे जाळले गेल्यावरही त्यांनी ती दिली. मात्र खटला चालला, शिक्षा झाल्या. क्षमा आणि कोर्ट एकमेकांच्या वाटेत येत नाहीत, हे या दोन्ही घटनांतून दिसतं.

आता परत रायगडात. इथल्या समेटात ख्रिस्ती बाजू देणेकरी आहे. चौल-रेवदंडा पोर्तुगिजांकडे होतं त्या काळात गोव्याच्या इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाचा हात इथपर्यंत पोहोचत होता. १७३९ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पाठोपाठ चौलही गेलं. वसई मोहिमेत हाती लागलेल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी देवळांना वाहिल्या. मेणवलीची १७०७ साली ओतलेली, भीमाशंकरची १७२९ची. जेत्याने लुटीतली वस्तू मिरवणं याला समेट म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण कोर्लईचे ख्रिस्ती मराठ्यांच्या राज्यात मागे राहिले, गाव सोडून गेले नाहीत, आणि त्यांना कुणी घालवलंही नाही. पोर्तुगिजांचा संबंध तुटला तरी घरात आपली बोली, बाजारात मराठी, असं चालू राहिलं. कुणी कुणाची माफी मागितल्याचं कागदावर काही नाही. शेजार तेवढा टिकला. २००० सालच्या मार्चमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चच्या ऐतिहासिक पापांबद्दल जाहीर क्षमा मागितली, ती अशा गावाच्या तुलनेत बरीच उशिरा आली म्हणायची.

बेने इस्रायल तर या किनाऱ्यावर तेल गाळत राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली. त्यांच्या शास्त्रात योम किप्पूरच्या प्रायश्चित्ताबद्दल एक कडक नियम आहे. देवाविरुद्धचा अपराध त्या दिवशी धुतला जातो, शेजाऱ्याविरुद्धचा जात नाही. त्यासाठी आधी शेजाऱ्याची समजूत काढावी लागते. वेदीवर दान ठेवायच्या आधी भावाशी मिटवून ये, ही येशूची शिकवण याच मातीतली आहे. देवळात, चर्चमध्ये, नाहीतर वारीत सगळं परस्पर मिटवून येणाऱ्यांना, म्हणजे आपल्या सर्वांनाच, ती जड जाते.

गागोद्याच्या घरातली एक आठवण विनोबांनी सांगितली आहे. त्या घरात एक आंधळे काका राहत. पुढे बडोद्याला असताना ते वारल्याचं कळलं. घरात सुतक पाळलं गेलं नाही. मुलाने आईला विचारलं तेव्हा समजलं की ते आपले कुणी नव्हते. अडचणीत होते, आसऱ्याला आले आणि राहिले. तोवर मुलांना ते परके असल्याचा पत्ताच नव्हता. १९६० साली चंबळच्या खोऱ्यात वीस दरोडेखोर विनोबांपुढे बंदुका ठेवून उभे राहिले. त्यांना माफी मिळाली नाही, रीतसर खटले भरले गेले. पोलीस खात्यात मात्र नाराजी होती की खुन्यांचे सत्कार होतात आणि मेलेल्या शिपायांच्या बायकांकडे कुणी बघत नाही. नाराजी अगदीच गैरवाजवी नव्हती. समेटाच्या सोहळ्यात ज्याचं माणूस गेलं तो सहसा शेवटच्या रांगेत असतो.

त्या शेवटच्या रांगेतूनच या विषयाला सर्वांत मोठा धक्का बसला. नगर जिल्ह्यात आणि मराठवाड्यात हजारो महार-मांग कुटुंबं ख्रिस्ती झाली. देवापुढे सारे सारखे ही शिकवण त्यांना मिळाली. विहीर, सोयरीक, वस्ती बहुतेक ठिकाणी होती तिथेच राहिली. दूर तमिळनाडूत तर तिरुचिरापल्लीच्या एका ख्रिस्ती दफनभूमीत जातीची भिंत उभी राहिली. धर्म बदलल्यावरही जात सुटत नाही, आणि चर्चने तिच्याशी हवा तसा झगडा केला नाही, असं डॉ. आंबेडकरांनी रोखठोक लिहून ठेवलं होतं. महाराष्ट्रातून आलेले धर्मशास्त्रज्ञ अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगळूरच्या व्याख्यानात हे धर्मशास्त्राच्या गाभ्यात आणलं. दलित ख्रिस्त्याने आपला विश्वास मांडताना बायबलातल्या इस्राएलाप्रमाणे बापजाद्यांची कहाणी आधी सांगावी, त्यांची वेठ, त्यांचा विटाळ, त्यांची पायपीट, आणि देव कुठल्या बाजूला उभा होता ते तिथून शोधावं, ही त्यांची मांडणी. भारतीय ख्रिस्ती चिंतन तोवर ब्राह्मणी तत्त्वज्ञानाशी सांधा जुळवण्यात गुंतलेलं होतं. टिळकही त्याला अपवाद नव्हते, तुकोबांच्या पुलावरून आलो म्हणणारे असले तरी. निर्मळांच्या मागणीने एक गोष्ट उघडी पडली. आजवर समेटाची हाक बहुतेक वेळा दुखावलेल्यालाच दिली गेली. विसर, क्षमा कर, आपण एकच आहोत. दुखावणाऱ्याने काय सोडायचं, याचा हिशेब कुणी मांडला नाही. लक्ष्मीबाईंनी सोवळं सोडलं होतं. चर्चमधल्या वरच्या जातींनी काय सोडलं?

या प्रश्नाला सरकारी बाजूही आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ला शीख, १९९०ला बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच आहेत. २०२२च्या ऑक्टोबरात केंद्राने हा प्रश्न तपासायला न्या. बालकृष्णन आयोग नेमला. दलित ख्रिस्त्यांना दर्जा मागायचा तर चर्चमध्येही जात पाळली जाते, हे चर्चने शपथेवर कबूल करावं लागतं. नाकारावं तर सवलत जाते, कबूल करावं तर शिकवणीचं हसं होतं. कबुलीपासूनच समेट सुरू होतो असं चर्च दर रविवारी सांगतं. इथे ती कबुली आयोगापुढे द्यायची आहे, आणि तिच्यानंतर गावोगावच्या मंडळ्यांत सोयरिकी जुळतात का, दफनभूमी एक होते का, हे पाहायला आयोगाची गरज लागणार नाही.